दिवाळीच्या बंदीचे नऊ दिवस : सणाची सुट्टी, हक्काची रजा की बिनपगारी?

भट्टीवाला (धागाकर्ता)

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फौंड्रीचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा) दिवाळीचा सुट्टीचा तक्ता करायचा आहे. रोलवर ३४ कामगार, फेटलिंगला (ओतलेल्या मालाच्या साफसफाईला) ठेकेदाराचे १२. साप्ताहिक सुट्टी रविवार. शनिवार ७ नोव्हेंबर २०२६ ते रविवार १५ नोव्हेंबर भट्टी बंद ठेवायची आहे. त्या काळात इंडक्शन भट्टीचं लायनिंग (आतलं अस्तर), पॅनेलची साफसफाई आणि क्रेनची तपासणी उरकायची.

ऑफिसचा प्रस्ताव असा, की नऊच्या नऊ दिवस ईएलमधून (हक्काच्या वार्षिक रजेतून) वळते करा, ज्यांची शिल्लक नाही त्यांचे बिनपगारी लावा. कामगार म्हणतात, दिवाळी सणाची आहे, सगळे दिवस भरपगारीच पाहिजेत. दोन्ही बाजू "कायद्यात आहे" म्हणतात आणि कायदा कुणीच दाखवत नाही. खरा हिशेब कसा लागतो? कलमासकट सांगा, म्हणजे मीटिंगमध्ये कागद पुढं ठेवता येईल.

---

हजेरीबुक

आधी नऊ दिवसांची फोड करा. नऊ दिवस म्हणजे एकच गठ्ठा समजला की तिथंच हिशेब बिघडतो.

८ आणि १५ नोव्हेंबरला रविवार. साप्ताहिक सुट्टी ही रजा नाही, ती ईएलमधून कापताच येत नाही. १० ला पाडवा, ११ ला भाऊबीज. हे दोन दिवस तुमच्या सणांच्या यादीत असतील तर तेही ईएलच्या बाहेर. राहिले ७, ९, १२, १३ आणि १४ हे पाच दिवस. भांडायचं असेल तर या पाचांवर भांडा.

सुट्ट्या मध्ये आल्या की त्या रजेत धरायच्या, ह्याला एचआरवाले "सँडविच" म्हणतात. ऑफिस स्टाफच्या किरकोळ रजेला कंपनीचा नियम म्हणून कुणी लावत असेल, पण कायद्याने मिळणाऱ्या वार्षिक रजेला तो चालत नाही. फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ७९ मध्ये रजेचे दिवस सुट्ट्या वगळून मोजा असं स्पष्ट होतं, आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम ३२ मध्येही रजेच्या आधी, मध्ये किंवा शेवटी आलेली सुट्टी वगळायला सांगितली आहे.

---

गोकुळ_शिरगाव_स्टॉप

आठ तारखेला रविवारही आहे आणि लक्ष्मीपूजनही. म्हणजे एक सण फुकट गेला की. त्याचं काय?

---

हजेरीबुक

त्याला कायद्यात उत्तर नाही, करारात आहे. सण रविवारी आला तर बदली सुट्टी द्यायची की नाही, हे वर्षाच्या सुरुवातीला यादी करतानाच एका ओळीत लिहून ठेवायचं. लिहिलेलं नसेल तर गेल्या चार-पाच वर्षांत काय दिलं ते मस्टरवरून (हजेरीपटावरून) बघा. दरवर्षी देत आला असाल आणि यंदाच बंद केलं, तर तो सेवाशर्तीतला बदल ठरतो.

---

कलमकसाई

इथं सगळ्यांचा गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कारखान्यातल्या सणाच्या सुट्ट्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा नाही. कर्नाटकात आहे. तिथल्या १९६३ च्या कायद्यानं कारखान्यांना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि त्यावर पाच सण द्यावेच लागतात. कागलची सीमा ओलांडली की निपाणीतल्या कामगाराला जे कायद्यानं मिळतं, ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कामगाराला करारानं किंवा वहिवाटीनं मिळतं. दोन्हीकडं युनिट असलेल्या कंपन्यांत हाच वाद उठतो आणि "तिकडं दहा, इकडं आठ का" असं विचारलं जातं.

आपल्याकडं ज्या आठ सुट्ट्यांचा दाखला देतात, त्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मधल्या. कलम १८ : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवलेले चार सण. हा कायदा दुकानं, ऑफिसं, हॉटेलं यांचा. फौंड्रीला तो लागू नाही. कामगार "कायद्यानं आठ" म्हणतात तेव्हा चुकतात, आणि मालक "कायद्यानं एकही नाही" म्हणतो तेव्हा तोही अर्धंच सांगतो. कारण एकदा करारानं किंवा वहिवाटीनं दिलेली सुट्टी मनात आलं म्हणून काढता येत नाही. "पगारी रजा आणि सुट्ट्या" हा विषय औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता, आता औद्योगिक संबंध संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्यात बदल करायचा तर २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. ७ नोव्हेंबरपासून मागं मोजा. १६ ऑक्टोबरच्या आत नोटीस गेली पाहिजे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बोर्डावर चिठ्ठी डकवून काही होत नाही.

---

तांबडा_पांढरा

मग राहिलेल्या पाच दिवसांना "ले-ऑफ" (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं) म्हणायचं आणि अर्धा पगार द्यायचा. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात.

---

कलमकसाई

करतात, पण ते चूक आहे. ले-ऑफच्या व्याख्येतली कारणं मोजकी आहेत : कोळसा, वीज किंवा कच्चा माल नसणं, मालाचा साठा तुंबणं, यंत्र बिघडणं, नैसर्गिक आपत्ती आणि तशाच जातीचं कारण. ठरवून केलेलं लायनिंग म्हणजे बिघाड नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक बंद पडली. असे दिवस ले-ऑफच्या कक्षेत येतात. दिवाळी येत नाही, ती पंचांगात आधीपासून छापलेली असते.

शिवाय ५० टक्के भरपाईची तरतूद सरासरी ५० किंवा जास्त कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यांना आहे. धाग्यातल्या फौंड्रीत ३४ अधिक १२, म्हणजे ४६. तेव्हा तो रस्ता नाहीच.

उलट एक ध्यानात ठेवा. पुराच्या दिवसांची ईएल कापू नका. ले-ऑफचे दिवस रजेची पात्रता मोजताना हजर धरले जातात (त्या दिवसांवर रजा मात्र साठत नाही). मस्टरवर "ईएल" लिहिलं की कामगाराची शिल्लक जाते, "खाडा" लिहिलं की पात्रता जाते.

---

भट्टीवाला

आणि रजेला पात्र व्हायला कामाचे दिवस २४० हवेत की १८०? दोन्ही आकडे ऐकतोय.

---

हजेरीबुक

दोन्ही खरे, काळ वेगळा.

फॅक्टरी ॲक्टमध्ये कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांना एक दिवस रजा. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि फॅक्टरी ॲक्ट तिच्यात विलीन झाला. तिच्या कलम ३२ मध्ये २४० च्या जागी १८० आले, वीसाला एक हा दर तोच राहिला. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू धरायचे.

म्हणजे २०२५ मध्ये २८६ दिवस भरलेल्या कामगाराला २८६ भागिले २० = १४.३, म्हणून १४ दिवस. २९० भरले असतील तर १४.५, म्हणून १५. जुन्या कायद्यात अर्धा किंवा जास्त अपूर्णांक पूर्ण दिवस धरतात. २०२५ मध्ये १९५ दिवस भरलेल्याचं काय, हा वाद येणार. जुन्या हिशेबानं तो अपात्र. पण २०२६ मध्ये तो माणूस ऑक्टोबरअखेर १८० च्या वर गेला असेल तर नव्या संहितेची भाषा "त्या कॅलेंडर वर्षात १८० दिवस" अशी आहे. त्याच्या यंदाच्या कामावरची रजा नाकारून कुणाचं भलं होणार नाही. शहाणं ऑफिस इथं ओढून धरत नाही.

वर्षाच्या मध्यात लागलेल्यांचा फरक तर मोठा आहे. १ एप्रिलला लागलेल्याला वर्षाचे २७५ दिवस उरतात. जुन्या नियमानं त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे १८४ दिवस काम हवं होतं. नव्यात एक चतुर्थांश, म्हणजे ६९ दिवस भरले की झालं.

---

मागावरचा_धोटा

रविवार धरून २४० मोजतात की सोडून? आमच्याकडं इचलकरंजीत दोन मुकादम दोन पद्धतीनं मोजतात.

---

हजेरीबुक

रजेसाठी प्रत्यक्ष कामाचे दिवस, रविवार सोडून. त्यात भर घालायची ती ले-ऑफ, मातृत्व रजा आणि उपभोगलेली वार्षिक रजा एवढ्याचीच. "रविवार धरून २४०" हे दुसऱ्या कामासाठी आहे. कामावरून कमी करताना अखंड सेवा मोजतात, तिथं रविवार आणि पगारी सुट्ट्या धराव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल आहे. आकडा एकच असल्यामुळं दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळतात.

ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) आजारपणाचे दिवस या भरीत नाहीत, तेही सांगून ठेवतो.

---

चेकलूम_ते_सीएनसी

पाच दिवस आणखी कमी करायला सोपी युक्ती आहे की. ऑक्टोबरातले तीन रविवार काम करून घ्या, दिवाळीत तीन दिवस बदली द्या. कामगार खूश, मालक खूश, ऑर्डरपण निघती.

---

कलमकसाई

खुशीनं केलं तरी बेकायदा. रविवार पुढं-मागं करायचा तर जुन्या कलम ५२ प्रमाणं बदली सुट्टी त्या रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतच हवी, निरीक्षकाच्या कार्यालयाला आधी नोटीस, बोर्डावर नोटीस, आणि कुठल्याही कामगाराचे सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम होता कामा नये. तीन रविवार साठवून दिवाळीत द्यायचे म्हणजे माणूस तीन आठवडे सलग भट्टीसमोर. नव्या संहितेतही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही. सूट मिळालेल्या कामात रविवार गेलाच तर त्याची भरपाईची सुट्टी त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची असते, ती तरतूद वेगळी.

अपघात झाला तर मस्टरवरचे ते तीन रविवार पहिले बाहेर निघतात. वितळलेल्या लोखंडाजवळ विसाव्या दिवशी माणसाचं लक्ष कसं असतं, हे फौंड्रीवाल्यांना सांगायला नको.

---

शटडाऊनची_गँग

एक गोष्ट कुणी बोललं नाही. बंदीत सगळेच घरी नसतात. लायनिंग फोडणं, नवीन रॅमिंग, मग नवीन अस्तर पक्कं करायची सिंटरिंगची हीट. पाच-सहा जण रोज असतात, इलेक्ट्रिशियन धरून. सरसकट ४६ जणांच्या नावापुढं एकाच शिक्क्यानं "ईएल" मारला की या पोरांची रजाही जाते आणि हजेरीही. मेंटेनन्सवाल्यांचं मस्टर वेगळं ठेवा, गेटच्या पंचिंगशी रोज जुळवा. पाडव्याला किंवा भाऊबीजेला बोलावलं तर दुप्पट मजुरी द्यायची की बदली सुट्टी, हे त्या दिवसाच्या आधी ठरवून लिहा. नंतर ठरवायला गेलं की दोन्ही बाजूंना वेगळंच आठवतं.

---

भट्टीवाला

बरोबर, ती सहा नावं बाजूला काढली. आता राहिलेल्या पाच दिवसांचं सांगा.

---

कलमकसाई

वार्षिक रजा कामगार अर्ज करून घेतो. मालकानं ती परस्पर "घेतली" असं दाखवायची नसते. जुन्या कायद्यात एक वाट होती : वर्क्स कमिटीशी किंवा कामगार प्रतिनिधींशी सहमती करून रजेची लेखी योजना मुख्य निरीक्षकाकडं दाखल करायची, कारखान्यात लावायची, ती बारा महिने चालायची. कलम ३२ मध्ये अशी योजनेची तरतूद लिहिलेली नाही. म्हणून आता प्रतिनिधींबरोबर लेखी समझोता आणि त्यावर प्रत्येक कामगाराची सही, हाच मजबूत कागद.

प्रस्ताव म्हणाल तर पाचांपैकी दोन दिवस कंपनीनं सोसावेत आणि तीन ईएलमधून जावेत. भट्टीचं लायनिंग ही कंपनीची गरज आहे. सगळा भार कामगाराच्या खात्यावर टाकणं न्यायाला धरून नाही, आणि सही मिळवायलाही अवघड जातं. मसुदा :

"दि. ७ ते १५ नोव्हेंबर २०२६ या काळात देखभालीसाठी उत्पादन बंद राहील. दि. ८ व १५ रोजी साप्ताहिक सुट्टी. दि. १० व ११ रोजी सणाची भरपगारी सुट्टी. लक्ष्मीपूजन रविवारी आल्याने त्याची बदली भरपगारी सुट्टी दि. ९ रोजी. दि. ७ ची भरपगारी सुट्टी कंपनीतर्फे. दि. १२, १३ व १४ हे तीन दिवस लेखी संमती देणाऱ्या कामगारांच्या हक्काच्या रजेतून. ज्यांची शिल्लक तीन दिवसांपेक्षा कमी आहे त्यांना कमी पडणारे दिवस पुढील वर्षाच्या रजेतून आगाऊ मिळतील. संमती न देणाऱ्यांना त्या तीन दिवशी देखभालीचे काम दिले जाईल."

शेवटचं वाक्य काढू नका. ते काढलं की संमती सक्तीची होते, आणि सक्तीच्या सहीला किंमत नसते.

---

युनियनचा_चहा

मसुदा चांगला आहे, दोन दुरुस्त्या हव्यात. आगाऊ रजेला तीन दिवसांची मर्यादा ठेवलीत ते ठीक, पण माणूस जानेवारीत सोडून गेला तर ते पैसे शेवटच्या हिशेबात कापणार का, तेही लिहा. लिहिलं नाही तर ऑफिस कापतं आणि मग तक्रार होते.

दुसरं, परगावच्या पोरांचं. बिहार, ओडिशाकडची मुलं नऊ दिवसांत जाऊन परत येत नाहीत. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी असते. त्यांना २०-२२ दिवस लागतात. ते आधीची शिल्लक साठवून ठेवतात, ती ३० दिवसांपर्यंत पुढं नेता येते. अर्ज १५ दिवस आधी लेखी द्या, पोच घ्या. जुन्या कायद्यात वर्षातून तीनदाच रजा घेता येत होती, म्हणून एकदाच लांब घेणं त्यांना परवडतं. चार किंवा जास्त दिवसांची रजा मंजूर झाली की रजेचा पगार निघण्याआधी द्यायचा, असं कलम ८१ होतं. रजा नाकारली तर नकार लेखी मागा, कारण नाकारलेली रजा ३० च्या मर्यादेत अडकत नाही, ती मर्यादेशिवाय पुढं जाते. तोंडी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणजे नकार नव्हे आणि मंजुरीपण नव्हे. तिथंच शिल्लक बुडती.

आंतरराज्य स्थलांतरित दहा किंवा जास्त असतील तर वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची तरतूदही संहितेच्या कलम ६१ मध्ये आहे. ठेकेदार हे कधी आपणहून सांगत नाही.

---

मोल्डिंग_बॉक्स

पैसे कसे काढायचे? आमच्याकडं खाडा कापताना २६ नं भागतात आणि रजा विकत घेताना ३० नं.

---

हजेरीबुक

हा जुना खेळ आहे. एकूण पगार १८,२०० धरा. २६ नं भागला तर दिवस ७०० रुपये, ३० नं भागला तर ६०६ रुपये ६७ पैसे. दहा दिवस विकले तर ९३३ रुपयांचा फरक. एकाच माणसाला दोन भाजक लावायचे नाहीत. खाडा २६ नं तर रजाही २६ नं.

महिन्याच्या पगारावर असलेल्याला रजा घेतली तर हिशेबच नाही, पगार कापायचा नाही एवढंच. रोजंदारी, नगावर काम करणारे आणि रजा विकणारे यांच्यासाठी दर काढावा लागतो. कलम ८० चा नियम सोपा होता : रजेच्या आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष कामाच्या दिवसांची एकूण कमाई, महागाई भत्ता धरून, ओव्हरटाइम आणि बोनस सोडून, भागिले ते दिवस. नगावरच्या मोल्डरनं २२ दिवसांत १९,८०० कमावले तर दर ९००. इथं "आधीचा महिना" महत्त्वाचा. ऑक्टोबरात लोड भरपूर असतो, दर चांगला निघतो. तीच रजा मंदीच्या महिन्यानंतर घेतली तर दर खाली येतो.

---

कलमकसाई

नव्या संहितांमध्ये "वेतन" म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि धारण भत्ता. घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. वरच्याच १८,२०० मध्ये मूळ आणि महागाई ७,८०० आणि भत्ते १०,४०० असतील, तर निम्मे ९,१००. भत्त्यातले १,३०० वेतनात येतात आणि वेतन ९,१०० होतं. २६ नं भागलं तर दिवसाला ३५०. जुन्या पद्धतीत तोच दिवस ७०० चा होता. पगाराची रचना अशी असेल तर समझोत्यात "रजेचा दर एकूण पगारावर" असं स्पष्ट लिहून घ्या. कायदा किमान सांगतो, जास्त द्यायला कुणी अडवत नाही.

---

गुजरीतला

आम्हा दुकानवाल्यांचं काय? सराफी पेढीवर १४ माणसं आहेत.

---

कलमकसाई

२०१७ चा दुकान कायदा १० किंवा जास्त माणसांना लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीनं ती मर्यादा २० वर गेली. त्यामुळं १४ माणसांच्या पेढीला आता फक्त सूचना देण्याची जबाबदारी राहते. २० किंवा जास्त असाल तर कलम १८ : आठ किरकोळ रजा, तिमाहीनं जमा, वर्षअखेर बुडतात. २४० दिवस भरल्यावर वीसाला एक हक्काची रजा, ४५ दिवसांपर्यंत साठते. आणि वर सांगितलेल्या आठ सुट्ट्या. कारखान्याच्या ३० आणि दुकानाच्या ४५ मध्ये गल्लत करू नका.

चार सण निवडताना कोल्हापुरात नेहमी खडाजंगी होते. गणेश चतुर्थी, दसरा आणि पाडवा यांवर एकमत असतं. चौथ्यासाठी रंगपंचमी की जोतिबाची चैत्र यात्रा की रमजान ईद? बाहेरून आलेले मॅनेजर छापील यादीतून धुळवड घालतात आणि रंगपंचमीला निम्मी माणसं खाडा मारतात. इथं रंग पंचमीला खेळतात हे त्यांना कुणीतरी डिसेंबरातच सांगावं. चौथा सण ज्यानं त्यानं आपला निवडायचा, अशी ओळ घातली तरी भागतं.

---

फेटलिंग_ठेका

ठेकेदाराच्या १२ जणांना तर ईएल नसतेच ना?

---

युनियनचा_चहा

असते. ठेकेदारामार्फत असला तरी तो कारखान्यातला कामगारच. रजा ठेकेदारानं द्यायची, त्यानं बुडवली तर मूळ मालकाला द्यावी लागते.

गडबड होते ती ठेकेदार बदलताना. समजा १ सप्टेंबरला नवीन ठेकेदार आला, माणसं तीच. जुन्याकडं जानेवारी ते ऑगस्ट २०५ दिवस भरले असतील तर २०५ भागिले २०, म्हणजे १० दिवसांची रजा किंवा तिचे पैसे. पात्रतेचे दिवस भरले नसले तरी नोकरी सुटताना हे द्यावंच लागतं, आणि दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत. बहुतेक जुना ठेकेदार पीएफचा फॉर्म देऊन मोकळा होतो. म्हणून मालकानं त्याचं शेवटचं बिल काढण्याआधी रजेच्या हिशेबाचा सह्यांचा तक्ता मागायचा. बिल एकदा निघालं की मागं कोण बघतो?

---

तांबडा_पांढरा

बंदीच्या काळात कुणी आजारी पडला तर?

---

हजेरीबुक

ईएसआयत असेल (पगार २१,००० पर्यंत) तर आजारपणाचा लाभ सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण ज्या दिवसाचा रजेचा किंवा सुट्टीचा पगार घेतला, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. तेव्हा १२ ते १४ ला दाखला आला तर ते दिवस ईएलमधून काढून ईएसआयला लावायचे आणि रजा परत जमा करायची. दोन्हीकडून घेतलं तर पुढं वसुली येते. १० आणि ११ ला मात्र तो सुट्टीचा पगारच घेईल.

---

मोल्डिंग_बॉक्स

ऑफिस ऐकत नसेल तर जायचं कुठं?

---

युनियनचा_चहा

कारखान्याची रजा आणि साप्ताहिक सुट्टी असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कोल्हापूरचं कार्यालय. दुकान, हॉटेल, ऑफिस असेल तर सहायक कामगार आयुक्त. निव्वळ पैशांचा दावा असेल तर वेतन संहितेत तीन वर्षांपर्यंत मागता येतो. जुन्या कायद्यात बारा महिन्यांचीच मुदत होती. सोबत पगाराच्या स्लिपा, रजेच्या अर्जाची पोच आणि हजेरीचे फोटो न्या. कागद नसला की फेऱ्याच पदरात पडतात.

सुपरवायझरांना एक सूचना. १८,००० च्या वर पगार असलेला सुपरवायझर व्यावसायिक सुरक्षा संहितेत "कामगार" नाही. त्याची रजा नेमणूकपत्रावर चालते, तेव्हा ते आधी वाचा.

---

भट्टीवाला

सगळ्यांचे आभार. मसुद्यात तीन बदल केले. आगाऊ रजेच्या वसुलीची ओळ घातली, दर एकूण पगारावर २६ नं, आणि मेंटेनन्सच्या सहा जणांचं वेगळं मस्टर. बदलाची नोटीस १२ ऑक्टोबरला लावतोय. एकच शंका राहिली. रजेच्या कार्डावर सही कधी घ्यायची, आत्ता की परत आल्यावर?

---

हजेरीबुक

दोनदा. ६ नोव्हेंबरला निघताना "शिल्लक इतकी, मंजूर तीन" यावर, आणि १६ ला आल्यावर "वापरली तीन, उरली इतकी" यावर. कार्डाचा फोटो त्याच्या मोबाइलवर काढून द्या. आणि सही निळ्या पेनानं घ्या, झेरॉक्स आणि मूळ कागद लगेच वेगळे कळतात.

---

गोकुळ_शिरगाव_स्टॉप

१६ ला सोमवार आहे. निम्मी गँग मंगळवारी येणार, भट्टीचं हीट-प्लॅनिंग त्या हिशेबानं लावा.